सात नंबरच्या खांबासमोरच्या नऊ खिडक्या

डॉक्टरांनी आमच्या ह्यांना घरी सोडलं ते एका अटीवर. छातीला एक पट्टी कायम चिकटवलेली राहील आणि उशाशी एक डबा राहील. डबा म्हणजे साबणदाणीएवढा, पांढरा. ह्यांचं हृदय कसं चाललंय ते हा डबा मोबाइलच्या सिग्नलवरून हॉस्पिटलला कळवत राहणार. रोज संध्याकाळी सातला दिवसभराची खबर, आणि मध्येच काही बिनसलं तर त्याच मिनिटाला.

"आणि सिग्नल नसला तर?" मी विचारलं.

"तर त्यात साबण ठेवा," डॉक्टर म्हणाले. सरळ उत्तर देणारा माणूस मला आवडतो, पण त्या दिवशी नाही आवडला.

डब्याला तीन दिवे. घरी आणून लावला तर दोन हिरवे झाले आणि तिसरा लाल तो लालच. धाकट्या मुलाने डबा कपाटावर ठेवून पाहिला, खिडकीत धरून पाहिला, जिन्यात उभा राहून हात वर करून पाहिला. मी म्हटलं, "आता डोक्यावर ठेवून नाच, म्हणजे लागेल." आमच्या गल्लीत मोबाइल लागत नाही हे काय आजचं आहे? तीन बाजूंना उंच इमारती, चौथ्या बाजूला गोदाम, आणि मध्ये आम्ही विहिरीच्या तळाशी बसल्यासारखे. फोन करायचा तर चालत बसथांब्यापर्यंत जायचं. घरात इंटरनेटची तार आहे, पण हॉस्पिटलचा डबा त्या तारेला जुमानत नाही. धाकट्याने त्यांच्या माणसाशी अर्धा दिवस हुज्जत घातली. त्या माणसाने शेवटी, तुम्ही घर बदला, असा सल्ला दिला.

रविवारी थोरला आला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला चौदाव्या मजल्यावर राहतो.

"आई, बाबांना मी नेतो. तिकडे सिग्नल फुल्ल असतो."

"आणि मी?"

"तूही चल की."

"आणि लाँड्री?"

तो बुटांकडे बघायला लागला. बूटही पॉलिश केलेले नव्हते. घराच्या पुढच्या खोलीत माझी लाँड्री आहे, अडतीस वर्षं झाली. धाकटा बसवर कंडक्टर, सून औषधांच्या दुकानात. मी उठून गेले तर शटर ओढायचं, दुसरं काही नाही. थोरल्याच्या घरी रिकामी खोली एकच, तिच्यात एक खाट मावते आणि खाटेवरचा माणूस मावतो. म्हणजे हे तिकडे आणि मी इकडे. एकेचाळीस वर्षांनी. मुलगा वाईट नाही हो माझा, बापाच्या काळजीनेच बोलत होता. पण बरोबर बोलणाऱ्या माणसाचा राग जास्त येतो.

आणि हे? हे काय म्हणाले? "तुम्ही ठरवाल तसं." झालं. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात ह्यांचा जन्म गेला, सगळी गल्ली ह्यांना पेंटर म्हणते. दुसरे सांगतील ती अक्षरं, दुसरे सांगतील त्या रंगात. ह्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. चौदाव्या मजल्यावर नेऊन ठेवलं असतं तर तिथेही एका शब्दाने तक्रार केली नसती, आणि आतल्या आत विझून गेले असते. मला ते दिसत होतं. इतरांना सिग्नल दिसत होता.

डॉक्टरांकडे गेले, बसले, उठलेच नाही. शेवटी त्यांनी तीन महिने दिले. तोवर हॉस्पिटलची नर्स सकाळ-संध्याकाळ घरी येऊन तपासून जाईल. "तीन महिने, आजी. पुढे सिग्नल असेल तिथे आजोबा."

मग मी सिग्नलच्या मागे लागले.

मोबाइल कंपनीला आमच्याकडे यायचं नव्हतं असं नाही. त्यांचे छोटे डबे असतात, बुटाच्या खोक्याएवढे. दिव्याच्या खांबावर एक बसवला की गल्ली उजळली म्हणायची. पण नगरपालिकेचा नियम तीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा उंचच्या उंच मनोरे उभारायचे, म्हणून नियमात लिहिलं की मनोरा जेवढा उंच तेवढी मोकळी जागा त्याच्या चारही बाजूंना हवी. पडला तर कुणाच्या डोक्यावर नको. योग्यच आहे. पण नियमाच्या लेखी खोकाही मनोराच. नऊ मीटरच्या खांबावर खोकं बसवायचं तर चौफेर नऊ मीटर मोकळं. आमच्या गल्लीत तेवढी जागा करायची म्हणजे आधी आम्हालाच पाडायला हवं.

कंपनीच्या खिडकीवरच्या मुलीने मात्र एक कामाची गोष्ट सांगितली. नगरपालिका हा नियम बदलते आहे. मसुदा तयार झालाय, महिन्याभरात सुनावणी आहे, मग मतदान. त्या दिवशी मी त्या मुलीची चुरगळलेली ओढणीही माफ केली.

मसुदा आला चाळीस पानांचा. सूनबाई कामावरून आली की मी तिला चहा द्यायची आणि समोर बसवायची. ती वाचायची, मी कपडे दुमडायची, हे आतून ऐकायचे.

"आई, ह्यात 'प्रस्तुत' शब्द एका पानावर अकरा वेळा आलाय."

"तो वगळून वाच. लवकर संपेल."

नियम तसा शहाणपणाचा होता. छोट्या खोक्याला मनोरा म्हणायचं नाही. खोकं ठरल्या मापापेक्षा मोठं नको. आवाज नको. दर वर्षी लहरी मोजून आकडे खांबावर लावायचे. अर्ज आला की साठ दिवसांत हो किंवा नाही सांगायचं, लटकत ठेवायचं नाही. आणि राहत्या घराच्या खिडकीपासून सहा मीटरच्या आत खोकं बसवायचं नाही. ही सहा मीटरची अट तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी हरकत घेऊन घालायला लावली होती. त्यांना लहरींनी डोकं दुखण्याची भीती.

"सहा मीटर म्हणजे आपल्या गल्लीत किती खांब उरले?" मी विचारलं.

खांब एकूण सात. सहा तर घरांना इतके खेटून आहेत की खिडकीतून हात घालून दिवा पुसता येईल. पण सातवा गल्लीच्या शेवटी, गोदामापाशी. तिथे ट्रक वळवायला जागा सोडलेली आहे, त्यामुळे आमच्या खिडकीपासून तो चांगला आठ मीटरवर, आणि पलीकडे गोदामाची बंद भिंत. मी मनातल्या मनात सातव्या खांबावर खोकं चढवून मोकळी झाले होते.

सूनबाईने मागची यादी काढली. प्रत्येक रस्त्याचे कुठले खांब चालतील त्याची. बोट फिरवत आली आणि थांबली.

"आई, आपल्या गल्लीत एकही नाही."

"नीट बघ. सातवा बघ."

"खांब क्रमांक सात. अपात्र. कारण, चार मीटरवर निवासी खिडक्या, संख्या नऊ."

"कुठल्या खिडक्या? कुणाच्या? समोर गोदामाची भिंत आहे! कोण राहतं तिथे, उंदीर?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज यायला लागला. आधी खुसखुस, मग खाट करकरायला लागली.

"अहो, हसू नका! छातीला टाके आहेत!"

"नऊ नाहीत," हे आतून म्हणाले. "दहा आहेत. एक त्यांना दिसली नाही."

आता हे सांगायला हवं. तेरा वर्षांपूर्वी ह्यांनी काम थांबवलं, तेव्हा आमच्या एकुलत्या खिडकीतून दिवसभर ती करडी भिंत दिसायची. गोदामाच्या मालकाला विचारून ह्यांनी तिच्यावर खिडक्या रंगवल्या. दोन वर्षं शिडीवर होते. एका खिडकीत अर्धवट सरकवलेला पडदा, एकीत कुंडी, एकीची झडप थोडी कललेली, एकीत दोरीवर मोजा वाळत घातलेला, तोही एकच. एका कठड्यावर मांजर. प्रत्येक कठड्याखाली चार वाजताच्या उन्हात पडते तशी सावली. मी काय म्हणायची तेही सांगते, लपवत नाही. मी म्हणायची, "नळ गळतोय तो दुरुस्त करायला वेळ नाही, आणि दुसऱ्यांच्या भिंतीला खिडक्या!" अकरा वर्षांत मी एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. पाणी भरताना, कपडे मोजताना ती भिंत समोर असायचीच. तिच्याकडे वेगळं काय बघायचं?

सूनबाईने दुसऱ्या दिवशी बसथांब्यावरून नगरपालिकेच्या नकाशा विभागात फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवला, मी शेजारी उभी.

"खिडक्या रंगवलेल्या आहेत हो," सूनबाई म्हणाली.

"कुठल्या रंगात?" पलीकडची बाई म्हणाली.

"रंगात म्हणजे... खिडक्याच रंगाच्या आहेत. चित्र आहे ते."

"हे बघा, आमची कॅमेऱ्याची गाडी सगळ्या शहरातून फिरली आहे. फोटोत खिडक्या स्पष्ट दिसतात. त्या नाहीत असं तुमचं म्हणणं असेल तर भिंतीला पांढरा रंग मारा, फोटो काढा आणि पाठवा. मी यादीत बदल करीन. सुनावणीच्या आधी पाठवा, नंतर यादी पक्की होते."

किती सोपं! घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. हे भिंतीकडे बघत होते. "मारून टाक," म्हणाले. "एका दिवसाचं काम आहे. कळकट भिंतीला दोन हात लागतील, एवढं बघ."

दोन हात लागतील! रंगाऱ्याचं डोकं बघा, स्वतःचंच पुसायचं तरी हात मोजतोय. मी जाऊन पांढऱ्या रंगाचा डबा आणला. खोटं कशाला बोलू, मारायचाच म्हणून आणला. माणूस हवा की भिंत, ह्यात विचार करण्यासारखं काय आहे?

सकाळी लाँड्री उघडायच्या आधी डबा आणि ब्रश घेऊन भिंतीपाशी गेले. झाकण उघडलं. खालची खिडकी हाताच्या उंचीवर होती, मोज्याची. ब्रश बुडवला. आणि एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं म्हणा ना, त्या मोज्याच्या टाचेला रफू केलेलं होतं. बारीक, आडवे-उभे टाके. माझे टाके. मी रफू करते तसे, एका कडेने जरा जाड.

मला रडू वगैरे आलं नाही. मला संताप आला. चूक कोणाची? त्यांची. बघता कोणाला आलं नाही? त्यांना. आणि पांढरं आम्ही फासायचं? का? चांगलं काढलं हा गुन्हा झाला का आमच्या पेंटरचा? मी झाकण इतकं जोरात ठोकून बसवलं की मास्तरीणबाई वरून डोकावल्या.

"काय चाललंय पहाटेपासून?"

"तुमचं डोकं दुखायला लागलं का? खोकं अजून यायचंय."

"मी तुमच्या वाईटावर नाही हं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. पण तुमचे सहा मीटर माझ्या नवऱ्याला चौदाव्या मजल्यावर पोचवतायत." एवढं बोलून मी आत आले. त्या खिडकीत बराच वेळ उभ्या होत्या.

सुनावणीच्या दिवशी मी शटर अर्धंच उघडलं, किल्ली धाकट्याला दिली आणि सूनबाईला घेऊन निघाले. थोरलाही कामावरून रजा काढून आला होता. येताना म्हणाला, "आई, झालं तर झालं. नाही झालं तर शनिवारी मी गाडी घेऊन येतो." मी म्हटलं, "शर्टाचं वरचं बटण लाव."

सभागृहात लाकडी बाकं, पुढे लांब टेबल, टेबलामागे सात जण. अध्यक्षांचा कोट चांगला होता, पण बाह्यांवर इस्त्रीची दुहेरी घडी. कोणीतरी घाई केली होती. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं, मग घंटी वाजते.

मास्तरीणबाईंचा नंबर आधी आला. त्या सहा मीटरवर ठाम राहिल्या, आकडे दर वर्षी लावलेच पाहिजेत म्हणाल्या. आणि शेवटी जरा थांबून म्हणाल्या, "पण जिथे खिडकी नाही तिथे माझी हरकत नाही. मागून बाई बोलणार आहेत, त्यांचं नीट ऐका." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बरं केलं.

माझं नाव पुकारल्यावर उठले. माइक माझ्या कपाळापाशी येत होता, तो खाली ओढला तर किंचाळला.

"मला एवढंच विचारायचंय, की ह्या नियमात खिडकी कशाला म्हणतात ते वाचून दाखवा."

अध्यक्षांनी चष्मा लावला. "खिडकी म्हणजे राहत्या खोलीला उजेड किंवा हवा मिळावी म्हणून भिंतीत ठेवलेली जागा."

"आमच्या सातव्या खांबासमोरच्या नऊ खिडक्यांमधून ना उजेड जातो ना हवा. त्या आमच्या ह्यांनी रंगवल्यात. ब्रशने."

नकाशा विभागाची बाई बाजूच्या टेबलावर होती. तरुण, हुशार चेहऱ्याची, कुर्ता सुती पण बिनइस्त्रीचा. फोनवरचा आवाज हाच. ती उठली आणि तिने पडद्यावर फोटो लावला.

"अध्यक्ष महोदय, हा फोटो. पडदे आहेत, कुंडी आहे, कपडे वाळत घातलेत. हे बघा, कठड्यावर मांजर आहे. मांजर असेल तर आम्ही ती राहती जागा धरतो."

"ते मांजर अकरा वर्षांत हललेलं नाही," मी म्हटलं.

मागच्या बाकावर कोणीतरी फस्सकन हसलं. बाई लाल झाली. "पण सावल्या आहेत! चित्राला सावली पडते का?"

"पडत नाही, काढावी लागते. चार वाजताची काढली आहे. तुमची गाडी चारला आली असणार."

तिने फोटोच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे वेळ छापलेली होती, चारला दहा मिनिटं कमी.

टेबलावरचे एक गृहस्थ म्हणाले, "पण ही खरी की खोटी हे आम्ही इथे बसून कसं ठरवायचं?"

"इथे बसून नका ठरवू. उठा. पंधरा मिनिटांवर आहे." घंटी वाजली. मी बसले नाही. "माझा नवरा तीन वेळा हार्ट बंद पडता पडता वाचलाय. त्याच्या छातीची खबर ज्या डब्यातून जायची तो डबा मुका पडलाय, कारण तुमच्या खात्याला त्याची चित्रं खरी वाटली. मी रागावलेली नाही. पण एक माणूस पाठवा आणि भिंतीवर टकटक करायला सांगा. एवढंच."

सातही जणांनी डोकी एकत्र केली. थोरला माझ्यामागे बसला होता, त्याचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. अध्यक्ष म्हणाले, "मतदान तीन वाजता. मॅडम, तोपर्यंत जाऊन पाहून या."

आम्ही सगळेच एका गाडीत कोंबून आलो. बाई गल्लीच्या टोकाला उतरली, खांबापर्यंत आली, मान वर केली आणि थांबली. दुपारचा एक वाजला होता, ऊन डोक्यावर. ती एक पाऊल मागे गेली, एक पाऊल पुढे.

"खिडक्याच आहेत की हो," ती म्हणाली.

समोर आमच्या खिडकीत हे उशीला टेकून बसले होते. चेहरा बघायला हवा होता तुम्ही. जत्रेतल्या पोराचाही इतका खुलत नाही.

थोरल्याने शिडी आणली. बाई चढली. खालच्या खिडक्यांना हात लावून तिचं समाधान होईना, वरच्याही बघायच्या म्हणाली. काम काम म्हणून करणारी होती, ते मला पटलं.

"डावीकडच्या पडद्याला हात लावा," ह्यांनी खिडकीतून सांगितलं. "तिथे थर जाड आहे."

"तुम्ही बोलू नका," मी ओरडले. "श्वास जपा."

तिने पडद्यावर टकटक केली. भिंतीचा आवाज आला, भरीव. तिने मांजराच्या पाठीवरून हात फिरवला. एकेका खिडकीवर टकटक करत गेली, नऊ झाल्या, आणि शिडी सरकवायला सांगून दहावीही शोधून काढली. झडपा मिटलेली. खाली उतरली तेव्हा तिच्या तळहाताला धूळ होती. ती थेट आमच्या खिडकीपाशी गेली.

"आजोबा, मला शंका आली होती म्हणून मी फोटो मोठा करून पाहिला होता. चार वेळा."

"किती वेळा?" ह्यांनी विचारलं.

"चार."

"ऐकलंस का गं?" हे मला म्हणाले. मी म्हटलं, "ऐकलं. बहिरी नाही मी." मग जरा वेळाने म्हटलं, "मोज्याचं रफू चांगलं आलंय." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शिडी आवरायला लागले.

बाईने फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता, खिडक्यांचा मालक. ती पेन धरून अडली. "इथे काय लिहू?"

"मी," हे म्हणाले. "मीच आहे. खोल्या मात्र गोदामवाल्याच्या."

तिने तसंच लिहिलं आणि ह्यांची सही घेतली.

तीन वाजता सभागृहात तिने उभी राहून सांगितलं, "भिंत आहे. माझी चूक झाली." असं चारचौघांत म्हणणारी माणसं मी कमी पाहिली आहेत. अध्यक्षांनी यादीत सातवा खांब घातला आणि नियमात एक वाक्य वाढवलं, की भिंतीवर चितारलेली खिडकी ही खिडकी धरली जाणार नाही. सूनबाईने ते दोनदा वाचायला लावलं. मग हात वर झाले. सातपैकी सहा. सातव्या गृहस्थांना अजून मांजर पटलं नसावं. थोरल्याने माझा हात धरला. त्याचा हात गार पडला होता, तेव्हा मला कळलं की त्यालाही बापाला न्यायचं नव्हतंच. मग मी त्याला बाहेर चांगलं खडसावलं, की आधी सांगायला काय झालं होतं.

कंपनीने अर्ज केला. साठ दिवसांची मुदत होती, पण एकोणीस दिवसांतच परवानगी आली. माझे तीन महिने संपायला अकरा दिवस उरले असताना माणसांना वर उचलणारी एक पाळण्याची गाडी आली, दोघे जण वर गेले, चाळीस मिनिटांत खोकं बसलं. हे खिडकीतून बघत होते. "करडा रंग चुकलाय," म्हणाले. "खांबाचा निळसर आहे, खोक्याचा पिवळट. मी नगरपालिकेला पत्र घालतो." मी म्हटलं, "घालून तर बघा."

खोकं बसलं पण तिसरा दिवा लालच. एक दिवस, दोन दिवस. कंपनीवाले म्हणत होते मागची तार जोडायची आहे. नर्स यायची, बघायची, जायची. तिसऱ्या दिवशी मी दुकानात कोणाशीही धड बोलले नाही, एका शर्टाची कॉलर जाळली. अडतीस वर्षांतली चौथी.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी आत भाजी चिरत होते आणि घरात फोन वाजला. घरात! माझा मोबाइल फळीवर होता, तो इतकी वर्षं तिथे नुसता पडून असायचा. मला आधी कळेचना कुठे वाजतंय. सूनबाईने उचलून माझ्या कानाला लावला.

"आजी, हॉस्पिटलमधून बोलतेय," नर्स म्हणाली. "सातची खबर आली. सगळी आली, अगदी स्वच्छ. ठोके नीट आहेत. उद्यापासून मी येत नाही आता."

मी डब्याकडे पाहिलं. तीन हिरवे.

"म्हणजे हे इथेच?" मी विचारलं.

"इथेच. का, पाठवायचंय कुठे?"

मी काहीतरी उत्तर दिलं असेल, आठवत नाही. फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन बसले. मास्तरीणबाई वरून खाली येत होत्या, हातात पिशवी. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. लागला." त्या पिशवी ठेवून माझ्या शेजारच्या पायरीवर बसल्या. तीन महिने खांदे किती ताठ होते, हे ते खाली आल्यावर समजलं.

आतून हाक आली. "अगं, कुठे गेलीस? थोरल्याला फोन लावून देतेस का? इथूनच बोलतो, पडल्या पडल्या."

"तुम्हीच लावा," मी जिन्यातूनच म्हटलं. "आता लागतोय."